कोळसुनांचा वाटा

कोळसून शीळ घालतं. जंगलातला हा तांबडा रानकुत्रा भुंकत नाही. ज्याने कधी ऐकलं नसेल त्याला वाटावं, कुणी गोरकी गुरांना बोलावतो आहे. लटारूबुढ्याला मात्र तसं कधी वाटलं नाही. माघातल्या त्या सकाळी डोंगरीच्या अंगाने शीळ आली, तसा त्याने पेजेचा गंज खाली ठेवला, आधी कुऱ्हाड घेतली आणि मग पायातली वहाण शोधली.

"मुखरू, ऊठ गा. उतारानं आणून राह्यले. बोडीपाशी पाडतीन."

मुखरू तोंडही न धुता बापामागे धावला. त्याच्यामागे लच्छू, पलीकडच्या टोलीतला जंगू गोंड, आणखी चारजण. टोपले, कुऱ्हाडी, कुणाच्या हातात नुसती काठी. मुखरूची बायको चंदा दारात उभी राहून पाहत होती. कडेवरची ज्योत्स्ना सात महिन्यांची, पण वजन चार महिन्यांच्या पोराचं.

कोळसुनांनी पाडलेलं जनावर हाकाटी करून आपण घ्यायचं, ही त्या गावाची रीत कुणाच्या आज्याच्या काळापासून चालत आलेली. जंगलखात्याच्या नाकेदाराला कळलं तर भानगड, म्हणून रस्सा शिजायचा तो दारं लावून. कोळसुनं माणसावर येत नाहीत. थोडी मागे सरतात, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसतात आणि आपलं मटन टोपल्यात जाताना पाहतात. वाटे करायचे ते ज्याच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, जनावर पडलं त्याने. जंगलात पडलं तर वयाने मोठा असेल त्याने. आणि सगळ्यांचे वाटे झाले की एक मागची तंगडी आणि आतडी पळसाच्या पानांवर तिथेच ठेवून यायची. तो कोळसुनांचा वाटा.

लटारूबुढा म्हणायचा, "मी काई साधू नाई. मले मटन पायजे. पण त्याईले उपाशी मारलं त माह्यासाठी सांबर पाडन कोन, तुहा बाप?"

त्या दिवशी बापलेक वेगवेगळे घरी आले. पहिले मुखरू, टोपल्यात फडक्याखाली काहीतरी झाकून. मागून बुढा, तोंड फुगवून.

"मामाजी, काय झालं?" चंदाने विचारलं.

"तुह्या नवऱ्यालेच विचार. आमी सारे वळलो, अन् यानं मागून जाऊन वाटा उचलला. कोळसुनांचा!"

मुखरूने टोपला चुलीपाशी ठेवला. "तिच्या अंगावर दूध नाई, बाबा. सुईणबाई म्हणे पायाच्या हाडाचा रस्सा पाजा, पान्हा फुटते. आपल्या वाट्यात नुसते बरगड्याचे तुकडे आले होते."

"म्हून दुसऱ्याच्या पानातलं उचलाचं?"

"कुत्रेच त होत."

"त्याच्यात एक कुत्री होती. थानं लोंबून राह्यली होती तिची. तू टोपला उचलला तं ती पाहत होती, माह्याकडे." बुढा ओसरीवर बसला आणि चिलमीसाठी खिसे चाचपू लागला. "पिलंवाली होती."

चंदाने ऐकलं. ऐकून घेतलं आणि तंगडी तोडून गंजात घातली. आई झालेल्या बाईला कुणाचं बोलणं किती ऐकायचं हे बरोबर कळतं. कार्तिकात तिला थंडीताप आला होता. पोर पदराखाली असतानाच दात वाजायचे. ताप उतरला तेव्हा दूधही आटून गेलेलं. तेव्हापासून पोर काबरीवर होती. काबरी म्हणजे चंदाच्या माहेरची, चिमूरकडून आणलेली बकरी, अंगभर पांढरे-काळे ठिपके. दिवस मावळताना गुरं परतली की ती कळपातून फुटून एकटी घराकडे धावत यायची. गळ्यातली घंटी वाजली की ज्योत्स्ना रडता रडता थांबायची आणि दाराकडे मान वळवायची.

सांबराच्या पायाचा रस्सा चंदा तीन दिवस प्याली. वर चरबीचा थर, खाली मिरची. मुखरू समोर बसून पाहायचा.

"येऊन राह्यलं का काई?"

"घाम येऊन राह्यला," चंदा म्हणायची, आणि दोघं हसायची. पान्हा काही फुटला नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी गुरं आली आणि घंटी वाजली नाही.

काबरी बोडीच्या, गावालगतच्या त्या लहान पाणवठ्याच्या, वरच्या अंगाला सापडली, येनाच्या झाडाखाली. मागचा भाग खाल्लेला, तोंड जसंच्या तसं. डोळे उघडे. गोरक्याने शपथा घेतल्या, दिवसाढवळ्या आले म्हणे, मी दगडं मारली तरी हटले नाहीत, असे भुकेले मी कधी पाहिले नाहीत. मुखरूने घंटीची दोरी कापून घंटी तेवढी आणली आणि चंदाच्या हातात दिली. ती हातात घेताना वाजली. पाळण्यातल्या पोरीने दाराकडे मान वळवली.

दार बघून झाल्यावर जे रडणं तिने सुरू केलं, ते चंदाच्या कानात पुढे कितीतरी दिवस राहिलं. पेजेत फडक्याची चिंधी बुडवून तिने पोरीच्या ओठाला लावली. पोर थुंकायची, पुन्हा रडायची.

लच्छू भेटीला आला. त्याची बांधी गावालगत, सगळीकडून माणसांचा राबता. जंगलाकडे तोंड होतं ते लटारूच्याच जमिनीचं.

"आज बकरी नेली, उद्या गोऱ्हा नेतीन," लच्छू ओसरीवर टेकला. "राह्यलेली बकरी तशीच राहू द्या तिथी. येतीन खायाले. माह्याकडं धानाच्या किडीचं औषध पडलं आहे. भुरभुरलं का झालं."

"नाई," लटारूबुढा म्हणाला.

"काऊन नाई? सोयरे होत का तुमचे?"

"नाई म्हणलं ना."

मुखरूने चंदाकडे पाहिलं. मग लच्छूनेही पाहिलं, आणि शेवटी बुढ्यानेही. बकरी तिच्या माहेरची होती. पोर तिच्या मांडीवर होती, चिंधी चोखून चोखून आता हुंदकेही संपलेली.

"टाका," चंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ती बोडीवर गेली. जायला नको होतं, पण पाणी तिथूनच आणायचं. कोळसुनं पाण्याच्या काठाने पडली होती. औषधाने पोटात आग पडली असेल, पाण्यापर्यंत आली आणि तिथेच आडवी झाली. एवढी तांबडी जनावरं तिने जवळून पहिल्यांदाच पाहिली. शेपट्या काळ्या, झुपकेदार. एकीचं तोंड पाण्यातच होतं. तिची थानं टम्म भरलेली, आणि एका थानातून पांढरी धार येऊन मातीत वाळली होती.

चंदाने घागर तशीच रिकामी उचलली.

मुखरू आणि जंगू खड्डा खणत होते. जंगू खणता खणता म्हणाला, "पिलं असतीन बिळात."

कुणी शोधायला गेलं नाही. चंदा त्यानंतर बरेच दिवस सरपणाला डोंगरीच्या अंगाला गेली नाही. लांब पडायचं, तरी तळ्याकडून जायची. आवाज आला असता तर काय केलं असतं, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

*

पोर जगली. पेजेवर जगली. आधी निवळ, मग दाट, मग मऊ भात. बकरीवरून तिचं तोंड धानावर आलं, आणि घरातल्या कोठीतला धान तिच्यासाठी राखून बाकीची तिघं मोहाच्या फुलांवर, भाज्यांवर भागवू लागली. पावसाळ्यात पाऊस वेळेवर आला. चंदाने पोरीला धुऱ्यावर मोरीखाली, म्हणजे पळसाच्या पानांच्या छत्रीखाली, ठेवलं आणि चिखलात वाकून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, केली. पाठीचे काटे ढिले झाले, बोटांच्या बेचक्या सडल्या. पण बांधी अशी हिरवीगार उठली की लटारूबुढा रोज सकाळी उगाच जाऊन तिच्याकडे पाहून येई.

आश्विनात लोंब्या भरल्या. दाणा दाबला की पांढरं दूध यायचं. आणि त्या वासावर डुकरं आली.

डुकरं दरसाल यायची. दोन-तीन यायची, डबा वाजवला की पळायची. या साली ती बायकापोरांसकट आली. माद्यांच्या मागे पट्ट्यापट्ट्यांच्या पिलांची रांग, सगळी जिवंत, गुबगुबीत. वाजवलेल्या डब्याकडे मान वर करून पाहायची आणि पुन्हा खाली. खायची थोडं, लोळायची फार. पहाटे डुकरं गेली की चितळं यायची. ती लोळत नसत, शेंड्याशेंड्याने नीट खात. मुखरू मचाणावर बसून बसून घसा बसवून घेऊ लागला. दिवस मावळताना चंदा पोरीला पाठीशी बांधून धुऱ्याधुऱ्याने फिरायची. हातात पेटती चूड, तोंडाने हाऽऽ हाऽऽ.

"पह्यलं पिल्लं जगत नव्हते याईचे," लटारूबुढा एकदा म्हणाला. "चार झाले त तीन कोळसुनं नेत. आता कोन नेते?"

मग तोच उठला, कुऱ्हाड घेतली आणि तरातरा बांधीत उतरला. "अरे हट् तुह्या माय..." अर्धीच शिवी ऐकू आली. एक दातेरी नर धानातून सरळ निघाला आणि बुढ्याच्या मांडीखालून गेल्यासारखा निघून गेला. बुढा बसला. मग त्याने मांडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "चंदे, लुगडं दे व एखांदं, जुनं."

मांडी गुडघ्यापासून वर फाटली होती. सिंदेवाहीला नेऊन टाके घातले. पाय वाचला, पण त्यानंतर तो वाकला नाही. बुढा बसायचा तोही पाय लांब करून, पाटासारखा.

कापणीला चार बांध्यांतली एक उरली होती. मुखरू धुऱ्यावर उभा राहून लोळून चिखल झालेल्या तीन बांध्या पाहत होता.

"तूच म्हणली होती, टाका," तो एकदम म्हणाला.

चंदाच्या हातातला विळा थांबला. "अन् तंगडी कोनं उचलली होती?"

"तुह्यासाठीच उचलली ना?"

"मंग मी कोनासाठी म्हणली?"

दोघं वाकली आणि कापू लागली. संध्याकाळी मचाणावर ती पोरीला घेऊन कलंडली, तेव्हा मुखरूने आपल्या अंगावरचं पोतं काढून तिच्या पायांवर टाकलं. पायांच्या भेगांत चिखल वाळला होता. त्याने तो नखाने हळूहळू काढला, ती झोपली आहे असं समजून.

त्या हिवाळ्यात चंदा लच्छूच्या बांधीत सरवा वेचायला गेली. कापणी झाल्यावर गळून पडलेल्या लोंब्या वेचायच्या, हे गावातल्या सर्वांत गरजू बायकांचं काम. लटारूच्या घरची बाई तोवर कधी त्यात बसली नव्हती. धुऱ्यावरून लच्छूची बायको पाहत होती.

"का वो चंदे, बकरीचा बदला त घेतला ना बाप्पा? मंग सरवा काऊन येचून राह्यली?"

बाकीच्या हसल्या. चंदाही हसली. हसलं नाही तर सुपातला धान परत मागतात.

*

पुढच्या साली पुन्हा रोवणा, पुन्हा लोंब्या, पुन्हा डुकरं. या वेळी मुखरूने काट्यांचं कुंपण घातलं होतं. डुकरांनी ते खालून उचललं. एक बांधी गेली. दुसरीचा कोपरा गेला. उरलेली पिवळी पडत होती, आणि आणखी आठवडाभर टिकली तर घर वर्षभर जेवेल, अशी स्थिती होती. घरात एक पाठ, म्हणजे लहान वयाची बकरी, आली होती, जंगूने दिलेली; अजून गाभण राहायच्या वयाची नव्हती. काबरीची घंटी तिच्या गळ्यात.

कार्तिकातल्या सकाळी चंदा मचाणावर मुखरूसाठी आंबील घेऊन गेली होती. ज्योत्स्ना बोट धरून मागे. डोंगरीकडून शीळ आली.

"गोकी," पोर म्हणाली. गोरकी.

चंदाचा हात गंजाच्या कडेवरच राहिला. "नाई माय. गोरकी नोहे."

दोन होती. रोडकी, फासळ्या मोजता याव्यात अशी. तिकडून ताडोब्याच्या अंगाने आली असतील. धानात शिरलेला डुकरांचा कळप उधळला, आणि एक अर्धवट वाढलेलं डुकरू भलत्या बाजूला पळालं. पिवळ्या धानातून तीन रेघा धावत आलेल्या वरून दिसत होत्या. बांधीच्या मधोमध त्या एकत्र आल्या. धान आडवा होऊ लागला, गोल, घोंगडं अंथरावं तसा. किंकाळी आली आणि थांबली.

"अरे, धान!" मुखरूने दगड उचलला.

चंदाने त्याचं मनगट धरलं. त्याने सोडवून घ्यायला पाहिलं, मग नाही सोडवलं.

शीळ गावानेही ऐकली होती. लच्छू सर्वांत पुढे, मागे टोपले घेतलेली माणसं. पावणेदोन वर्षांत जंगलाचं मटन कुणाच्या तोंडाला लागलं नव्हतं. हाकाटी झाली. कोळसुनं सरली आणि धुऱ्यावर जाऊन बसली. जिभा बाहेर, पोटं हलत होती. मागून लटारूबुढा काठी टेकत, पाय ओढत आला.

"वाटे करा भाऊ," लच्छू म्हणाला. "बांधी तुमची."

बुढ्याने डुकराकडे पाहिलं, आपल्या पायाकडे पाहिलं. वाकता येणार नव्हतं. मुखरू पुढे झाला, तर बुढ्याने कुऱ्हाड त्याच्या बाजूने नेऊन चंदापुढे धरली.

"बाईच्या हातानं वाटे?" मागून कुणीतरी म्हणालं.

"रोवणा कोनाच्या हातानं झाला?" बुढा म्हणाला. "तव्हा त कोनी नाई विचारलं."

चंदाने पोरीला मुखरूच्या कडेवर दिलं, पदर खोचला आणि आडव्या धानावर बसली. डुकराचं अंग अजून गरम होतं. कुऱ्हाड जड. पहिला घाव चुकला, कातड्यावरून सरकला, कुणीतरी हसलं. दुसरा बसला. सांधा तुटायला वेळ लागला. कपाळावर घाम आला, मनगटापर्यंत रक्त. एक मागची तंगडी सुटी झाली. लोकांनी पळसाची पानं आणून खाली अंथरली, वाटा ठेवायला.

चंदाने तंगडी उचलली आणि आपल्या टोपल्यात ठेवली. मग उठून उभी राहिली.

"हा आपला," ती म्हणाली. "याचे तुकडे करा, घरोघरी एक-एक. बाकीचं राहू द्या."

"राहू द्या म्हणजे?" लच्छू पुढे आला. "एवढं मटन? कुत्र्याईले?"

"मागचा वाटा राह्यला आहे त्याईचा."

"पागल झाली का वो? मुखरू, समजावून सांग तुह्या बायकोले!"

मुखरूने पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "बांधी आमची आहे, लच्छूभाऊ," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "तंगडी मीच उचलली होती तव्हा."

"अन् तुहा धान लोळवला त्याईनं, तो?"

"डुकरं साऱ्या बांधीत लोळले असते. हे घोंगडंभर लोळले." हे चंदा बोलली, आणि बोलताना तिची नजर त्या आडव्या गोलावर होती. किती पायल्या गेल्या, हे तिला त्याच वेळी कळत होतं.

"ठीक आहे," लच्छूने कुऱ्हाड खांद्यावर टाकली. "कापणीले माणसं लागतीन ना? पाहू मंग. कुत्र्याईलेच बोलावजो." तोवर तंगडीचे तुकडे झाले होते. जाता जाता तो टोपल्यापाशी थांबला, एक तुकडा उचलला, आणि दुसराही. "सासू आली आहे," म्हणाला.

माणसं गेली. लटारूबुढा सर्वांत शेवटी वळला. काठीने बांधीतला एक दगड बाजूला सारत म्हणाला, "निदान कलेजी त ठेवाची होती व, पोरी." आणि लंगडत निघाला.

मचाणावरून तिघं पाहत राहिली. कोळसुनं बराच वेळ हलली नाहीत. मग एक उठलं, धुऱ्याखाली उतरलं, धानाच्या कडेशी थांबून मचाणाकडे पाहू लागलं. चंदाने पोरीच्या तोंडावर हळूच हात ठेवला. दुसरं आलं. मग फक्त धानाचे शेंडे हलताना दिसत राहिले.

*

कापणीला लच्छूच्या अंगाचं कुणी आलं नाही. जंगू आणि त्याची बायको आली, घरचे विळे घेऊन. इतर साली दोन दिवसांत उरकणारं काम आठवडाभर पुरलं. पण त्या आठवड्यात डुकरं आली ती धुऱ्यापर्यंत. नाक वर करून वास घ्यायची आणि परत फिरायची. सगळी नाही फिरली. एक-दोन शिरलीच. कापलेल्या धानाचा ढीग, पुंजणा, उभा राहिला तो मुखरूच्या खांद्याएवढा. फार नव्हता. पोरीपुरता होता, आणि काटकसर केली तर मोठ्यांपुरताही.

शेवटी तो आडवा गोल उरला. तिथे विळा चालेना. लोंब्या मातीत रुतलेल्या. चंदा सूप घेऊन तिथे उकिडवी बसली आणि आपल्याच बांधीत सरवा वेचू लागली. ज्योत्स्नाही शेजारी बसून एकेक दाणा उचलायची, फुंकायची आणि सुपात टाकायची. मातीत एक हाड लागलं, स्वच्छ, चाटून पांढरं केलेलं. पोरीने तेही सुपात टाकलं. चंदाने ते काढून धुऱ्यापलीकडे फेकलं.

डोंगरीवरून शीळ आली. लांबून, आणि तिला दुसऱ्या बाजूने उत्तर आलं.

चंदाचे हात थांबले नाहीत. फक्त मान वर न करता तिने पुंजण्यापाशी उभ्या मुखरूला विचारलं, "पाठ आत बांधली का?"

"बांधली."

"कडी लावली?"

"लावली ना वो."

"पाहून या एकदा," ती म्हणाली, आणि पुढची लोंबी मातीतून सोडवू लागली.

मुखरू घराकडे निघाला. थोड्या वेळाने तिकडून घंटी वाजली, बंद दाराआडून, बारीक. पोरीने मान वळवली, आणि पुन्हा दाणे वेचू लागली.